हुन्नरशिक्षणाचा पैसा कोणाचा आणि फळ कोणाला?

(मालगुंड येथें शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



मी मराठी शाळेचा मास्तर. खडू आणि फळा यांपलीकडे माझें भांडवल नाहीं. तेव्हां विद्वत्तेचें व्याख्यान न देतां आपणांपुढें एक हिशेब मांडतों. हिशेब जुना आहे, पण बाकी अद्याप फिटलेली नाहीं.

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून घेत. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे ज्याचा सारा १२ रुपये, त्याचा लोकल फंड १२ आणे, आणि त्यांतले ४ आणे शाळेचे. आपला मुलूख खोतीचा. तेव्हां तो आणाही शेवटीं कुळाच्याच खळ्यांतून निघे. ज्यानें नाचणी विकून हे ४ आणे भरले, त्याचीं पोरें मात्र गुरांमागें! १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें. वसूल कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि खर्च वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाचा, हा कोठला न्याय? शेतकऱ्याच्या मुलास लिहिणें, वाचणें, हिशेब यांबरोबर शेतकीचेंही ज्ञान द्या, असें त्यांचें मागणें होतें.

आतां हुन्नरशिक्षणाकडे वळूं. मुंबईस १८५७ सालीं जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून कलाशाळा निघाली. १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्या रत्नागिरीसही उद्योगशाळा होती. मग सुतार-लोहारांचें भाग्य उजळावयास हवें होतें. तें कां उजळलें नाहीं?

याचें उत्तर सरकारनेंच देऊन ठेवलें आहे. १९०४ च्या मार्च महिन्यांत लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें शिक्षणाचा मोठा ठराव काढला. त्यांत कबुली आहे कीं, उद्योगशाळांत येणाऱ्या पुष्कळ मुलांना तो धंदा करावयाचाच नसतो. तेथें स्वस्तांत सामान्य शिक्षण मिळतें म्हणून तीं येतात आणि पुढें कारकुनी धरतात. त्यांचा खर्च वांचतो, सरकारचा वाढतो. बंधूंनो, सरकारचा खर्च म्हणजे कोणाचा? तो तुमच्या-माझ्या आजा-पणजाचा! करवत आमच्या पैशाची, आणि ती हातीं धरणारा उद्यां कचेरींत टांक धरणार! परदेशीं हुन्नर शिकण्यासाठीं सालीना १५० पौंडांच्या शिष्यवृत्त्याही त्याच सुमारास निघाल्या. पण ती पायरी इंग्रजी शाळेच्या वरची. ज्याच्या बापाला शाळेचें दार ठाऊक नाहीं, त्या सुताराच्या पोराला ती कोठून दिसणार?

उलट बडोद्याकडे पाहा. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनीं १८९० सालीं कलाभवन काढलें आणि तेथें हुन्नर मातृभाषेंतून शिकविण्याची सोय केली. पैसा तेथेंही लागला. पण भाषेची भिंत मध्यें न घातल्यामुळें कारागिराच्या मुलासही आंत शिरण्यास वाट राहिली.

दोष सगळा सरकारचा म्हणून आपण हात झटकूं नये. मुलगा शाळेंत गेला कीं त्यानें रंधा सोडलाच पाहिजे, हें आपणच घरांत ठरवितों. आणि आम्ही मास्तरही कमी दोषी नाहीं. माझ्या वर्गांत एका सुताराचा मुलगा होता. फळ्यावर तीन अष्टमांश लिहिले कीं तो खालीं मान घाली. मी त्याला मठ्ठ समजत होतों. एके दिवशीं त्याच्या घरीं गेलों. बाप फळी तासत होता. त्यानें विचारलें, "किती कमी आहे रे?" पोरानें पट्टी लावून तात्काळ सांगितलें, "तीन सूत, बाबा." मंडळी, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग! तीन सूत म्हणजे तेच तीन अष्टमांश! पोराला अपूर्णांक येत होता. मास्तराला सूत येत नव्हतें. त्या दिवसापासून मी गणिताच्या तासाला पट्टी आणि फळीचा तुकडा नेतों.

सांगावयाचें तें हेंच. अक्षराविना हत्यार दिलें, तर मूल जन्मभर मजूर राहतें. आणि हत्यारापासून तोडून अक्षर दिलें, तर तें स्वतःच्या बापाला लाजूं लागतें. दोन्ही एका हातीं आलीं पाहिजेत.

आज राज्य आपलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावीपासून मुलांस सुतारकाम, धातुकाम, वीजकाम, मातकाम, बागकाम यांची ओळख द्यावी, असें म्हटलें आहे. पण कागदावरचें कलम आपोआप मुलाच्या हातीं पटाशी देत नाहीं. १९०४ चा ठराव आपण नुकताच पाहिला. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितींत पालक म्हणून तुमची जागा आहे. तेथें बसून हत्यारांसाठीं किती पैसा आला व तो कोठें गेला, हें विचारा. दुसरें, गांवच्या कारागिरांनीं आठवड्यांतून एक तास शाळेंत यावें. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणूं. तिसरें, हें शिक्षण मुलींनाही द्या. पट्टी आणि सूत कोणाची जात पाहत नाहीं, तसें मुलगा-मुलगीही पाहत नाहीं.

आपल्या वाडवडिलांनीं ४ आणे भरले आणि पावती मागितली नाहीं. आपण ती मागूं.