गुरुगृहाकडे परतण्याची वाट
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षण संपले म्हणजे विद्यालयाशी असलेले नाते संपते काय? हा प्रश्न सर्वच संस्थांपुढे असतो. नाट्यविद्यालयांपुढे तो अधिक तीव्रतेने उभा राहतो. नटाचे जीवन मुळातच फिरतीचे. आज या गावी, उद्या त्या गावी. म्हैसूर आणि एकंदर कर्नाटकाच्या रंगभूमीने या प्रश्नाचे उत्तर कृतीतून दिले आहे.

बी. व्ही. कारंत बालवयातच गुब्बी वीरण्णा यांच्या नाटक कंपनीत दाखल झाले. वीरण्णांनीच त्यांना शिक्षणासाठी काशीला धाडले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले आणि १९७७ साली त्याच विद्यालयाचे ते संचालक झाले. १९८९ मध्ये म्हैसूरला ‘रंगायण’ उभे राहिले, तेव्हा त्याचे पहिले संचालकपद कारंतांकडेच आले. विजयाबाई मेहता यांच्या मुंबईतील ‘रंगायन’शी या नावाचे साम्य मराठी माणसाला सहज जाणवेल. कारंतांनंतर ही धुरा वाहणाऱ्यांत प्रसन्ना, सी. बसवलिंगय्या, चिदंबरराव जंबे हे त्याच राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे विद्यार्थी होते. दिल्लीत मिळालेली विद्या अशी कन्नड भूमीत रुजली. रंगायणात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी ‘चिण्णर मेळ’ भरतो. शिकलेले नट तेथे शिकवणारे होतात.

शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यातल्या ‘नीनासम’चे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९८० साली नाट्यशिक्षण केंद्र काढले. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी करायचे काय? के. व्ही. सुब्बण्णांनी १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ हे फिरते नाट्यपथक सुरू केले. शिकून निघालेले नट त्यात काम करू लागले आणि गावोगावी नाटके पोहोचू लागली. विद्यार्थ्यांना काम मिळाले, संस्थेला कीर्ती मिळाली, प्रेक्षकांना नाटक मिळाले. नाते टिकले ते आठवणींवर नव्हे, कामावर.

मराठी मनाला हे परके वाटू नये. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यांच्या प्रेरणेने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. घेणे आणि परत देणे हीच कलेची रीत आहे.

शाळेचेही तसेच आहे. हीरक महोत्सवात सत्कार होतात, जुनी छायाचित्रे पाहिली जातात, डोळे पाणावतात. ते सारे योग्यच. परंतु मराठी माध्यमाच्या वर्गांतील पटसंख्या ओसरत असताना केवळ गहिवराने शाळा टिकत नाही. देणगी आवश्यक आहे. तरी तिच्याहून मोलाचा आहे तो वेळ. माजी विद्यार्थ्याने वर्षातून चार दिवस येऊन आपली विद्या मुलांपुढे ठेवावी. अभियंत्याने प्रयोगशाळेत उभे राहावे, परिचारिकेने आरोग्याचे धडे द्यावेत, नटाने स्नेहसंमेलनाचे नाटक बसवावे. ज्या पालकांनी आजही आपली मुले विश्वासाने येथे धाडली आहेत, त्यांच्या विश्वासाला खरे उत्तर तेच होईल.

कारंत विद्यालयात परतले ते पाहुणे म्हणून नव्हे, जबाबदारी घेऊन. या शाळेचे दारही त्याच अर्थाने उघडे आहे. येणाऱ्याने हार स्वीकारावा. पण त्याआधी खडू हाती घ्यावा.