न दुखणारी गाठ

श्रोतेहो, 'डॉक्टर, गाठ आहे, पण दुखत नाही' हे वाक्य आपल्या सुलतान बाजार-काचीगुड्याच्या घरांतून मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. दाह मात्र आत चालू असतो. जखम भरायला धावणाऱ्या पांढऱ्या पेशी 'वाढा, नव्या रक्तवाहिन्या काढा' असे रासायनिक निरोप देतात. कर्करोग तेच निरोप स्वतःच्या कामी लावतो. पाळी गेल्यानंतर वाढलेली चरबीही अशीच धुमसते, आणि तिथे इस्ट्रोजेन तयार होते.

मग दाह शमवला की झाले? अमेरिका-कॅनडातल्या 3,020 रुग्णांच्या चाचणीत रोजच्या 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिननेही रोग उलटण्याचे प्रमाण घटले नाही. 2024 साली हे प्रसिद्ध झाले. तिथे हळदीच्या दुधाची आणि माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची काय कथा! तेव्हा पर्युषण होऊ दे, गौरी-गणपती होऊ देत, असे म्हणत थांबू नका. रेड हिल्सच्या एम.एन.जे. रुग्णालयात दाखवा. सुई लावल्याने रोग पसरतो ही भीती सोडा. सुईने काढलेल्या त्या तुकड्यावरच हार्मोन आणि हर-टू तपासून औषध ठरते.