कासवांच्या वाटेवरची आपली गावं



प्राण्यांच्या अंगावर यंत्र बसवून त्यांचा माग काढायचा आणि त्यातून त्यांचं रक्षण करायचं, हा निसर्ग-अभ्यासकांच्या या संमेलनाचा आजचा विषय. तो आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावर वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पुढे वन विभाग आणि गावोगावचे लोक या कामात उतरले. अंडी वाचली, पिल्लं समुद्रात गेली. पण अंडी घालून परतलेली मादी पुढे कुठे जाते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

२०२२च्या जानेवारीत कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पाठोपाठ आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. २०२३मध्ये गुहागरच्याच बागेश्री आणि गुहा. खाऱ्या पाण्याखालून रेडिओ संदेश उपग्रहापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कासव श्वास घ्यायला वर येतं, तेवढ्या अवधीतच यंत्र आपला ठावठिकाणा कळवतं. अशा तुटक नोंदी जोडत नकाशा तयार झाला. प्रथमा गुजरातकडे गेली, रेवा कर्नाटकाकडे, आणि बागेश्री थेट श्रीलंकेपर्यंत पोहोचली.

लक्ष्मीचे संदेश मात्र लवकरच थांबले. यंत्र गळून पडलं, बिघडलं की कासवच गेलं, हे नुसत्या शांततेवरून ओळखता येत नाही. यंत्राची मर्यादा आपण मान्य केली पाहिजे. सात माद्यांच्या प्रवासावरून साऱ्या पश्चिम किनाऱ्याचा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल.

साध्या धातूच्या बिल्ल्याचं मोलही कमी नाही. २०२१मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी असतात, या समजाला तिने धक्का दिला. बिल्ल्यावरून प्रवासाची दोन टोकं कळतात. मधली वाट दाखवतो तो उपग्रह.

प्राणी आपल्या हद्दी मानत नाहीत, हे जमिनीवरही दिसलं. २००९मध्ये विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात जीपीएस पट्टा बांधून माळशेजला सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला. वाटेतले महामार्ग आणि वस्त्या त्याला अडवू शकल्या नाहीत. आपण मात्र अजून एकेका जंगलाचा, एकेका किनाऱ्याचाच विचार करतो.

कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात ते फार वेळ अडकलं, तर बुडून मरतं. म्हणजे वेळासला जपलेली मादी दुसऱ्या राज्याच्या समुद्रात मरू शकते, आणि दुसरीकडे जपलेली आपल्या जाळ्यात. कासवं कोणत्या महिन्यात कुठे असतात हे कळलं, तर तेवढ्या पट्ट्यात, तेवढ्या काळापुरती काळजी घेता येईल. जाळ्यात कासवाला सुटकेची वाट ठेवता येईल. सगळा समुद्र बंद करण्याची गरज उरणार नाही. मच्छीमाराचं पोट आणि कासवाचा जीव, दोन्ही राखणारा हा मार्ग आहे.

म्हणून संशोधकांना माझं सांगणं आहे: तुमचे नकाशे इंग्रजी अहवालांत अडकवू नका. ते मराठीत, बंदरातल्या फलकावर, तांडेलाला वाचता येतील असे लावा. ज्यांनी वाळूत रात्री जागवल्या, त्यांचा त्या माहितीवर पहिला हक्क आहे.

आणि मच्छीमार बंधूंनो, जाळ्यात कासव आलं तर जाळं कापा. संरक्षित जीव सोडवताना फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने २०१८मध्ये आणली आहे. तिचा लाभ हक्काने घ्या. कासवाच्या पायाला बिल्ला दिसला तर त्यावरचा क्रमांक, जागा आणि तारीख लिहून वन विभागाला कळवा. तुमची ती एक ओळ उपग्रहाच्या नोंदीइतकीच मोलाची आहे.