बाजार खुला झाला, जनमताचे काय?

(रायपूरमधील पंडरी येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आर्थिक संक्रमणाची चर्चा सामान्यतः आकड्यांच्या आधारे होते. वाढीचा दर, परकीय चलनाची गंगाजळी, गुंतवणूक यांचा हिशेब मांडला जातो. ज्यांच्या जीवनातून हे संक्रमण घडते, त्यांचे त्याविषयी मत काय, हा प्रश्न मात्र बराच उशिरा विचारला जातो. या प्रश्नाच्या विचारासाठी पंडरीचा घाऊक कापड बाजार हे योग्य स्थान आहे. येथे गाठींनी आलेले कापड गावोगावच्या दुकानांत जाते. कराचा दर, सुताचा भाव, खेड्यातील धानाचे पीक यांत झालेला बदल येथील गल्ल्यांत लवकर जाणवतो.

निर्णय झाला, वार्ता पोहोचली नाही

१९९१ च्या मध्यास देशाजवळ जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन शिल्लक होते. १ आणि ३ जुलै रोजी रुपयाचे अवमूल्यन करण्यात आले. २४ जुलै रोजी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले आणि त्याच दिवशी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. संकटाच्या रेट्याखाली घेतलेल्या या निर्णयांवर आधी सार्वजनिक चर्चा होण्यास फारसा अवकाश नव्हता.

पाच वर्षांनंतर, १९९६ च्या निवडणुकीच्या सुमारास झालेल्या राष्ट्रीय मतदार सर्वेक्षणात केवळ १९ टक्के मतदारांना आर्थिक सुधारणांविषयी काही माहिती असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात अयोध्येतील १९९२ च्या घटनेची माहिती मात्र जवळजवळ तीन चतुर्थांश मतदारांना होती.

यावरून जनता सुधारणांच्या बाजूने होती असे म्हणता येत नाही आणि विरोधात होती असेही म्हणता येत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त करण्यात आली आणि त्यांचे भाव चढले. शेतकऱ्याने खताच्या गोणीची वाढलेली किंमत मोजली, पण त्यामागील धोरणाचे नाव त्याच्या कानी गेले नव्हते. परिणाम आधी आणि परिचय नंतर, असा या संक्रमणाचा क्रम होता.

रशियातील अनुभव वेगळा होता. २ जानेवारी १९९२ पासून तेथे बहुतांश किमती एकदम मुक्त झाल्या आणि त्याची झळ प्रत्येक घरास लागली. तरीही २५ एप्रिल १९९३ च्या सार्वमतात सुमारे ५३ टक्के मतदारांनी सरकारच्या सामाजिक-आर्थिक धोरणास अनुकूल मत दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील निवडणुकीत मात्र सरकारचे विरोधक असलेल्या झिरिनोव्हस्की यांच्या पक्षास पक्षनिहाय मतांत पहिले स्थान मिळाले. एकदा मिळालेला कौल कायमचा संमतीलेख ठरत नाही, हा त्याचा बोध आहे.

छत्तीसगढचे दोन दाखले

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर काही महिन्यांतच कोरबा येथील भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे ५१ टक्के भाग ५५१.५ कोटी रुपयांस खासगी उद्योगसमूहास विकण्यात आले. लोकसभेत १ मार्च २००१ रोजी या विक्रीविरुद्धचा प्रस्ताव ११९ विरुद्ध २३९ मतांनी फेटाळला गेला. ३ मार्चपासून कामगारांनी पुकारलेला संप ६७ दिवस चालला. अजित जोगी यांच्या राज्य सरकारनेही विक्रीस विरोध केला. १० डिसेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्गुंतवणूक वैध ठरवली. आर्थिक धोरणाची इष्टता ठरवणे हे न्यायालयाचे काम नव्हे, अशी या निकालाची भूमिका होती. म्हणजेच असा वाद सोडवण्याची जागा लोकशाहीतील चर्चा हीच आहे.

दुसरा दाखला शिवनाथ नदीचा. १९९८ मध्ये, राज्यनिर्मितीपूर्वी, दुर्गजवळील बोरई औद्योगिक क्षेत्रास पाणी पुरवण्यासाठी एका खासगी कंपनीशी करार झाला. त्यातून नदीच्या सुमारे २३ किलोमीटर पात्राच्या वापरावर निर्बंध येऊ लागले. मासेमारी, गुरांचे पाणी, काठावरची शेती यांवर आच येताच काठावरील गावांना कराराचा अर्थ उमगला. पुढे आंदोलने झाली आणि २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. ज्या गावांना आरंभी कोणी विचारले नव्हते, त्यांचे म्हणणे सभागृहापर्यंत पोहोचण्यास नऊ वर्षे लागली.

कापड बाजाराचा धडा

कापडाच्या बाबतीत चित्र निराळे दिसते. १९५७ च्या कायद्याने साखर, तंबाखू आणि कापड यांवर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्काची व्यवस्था आली. त्यामुळे कापड व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचा विक्रीकराच्या कचेरीशी फारसा संबंध आला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कापडावर ५ टक्के कर आला. या विक्रेत्यांपुढे दरापेक्षाही नोंदणी, विवरणपत्रे आणि संगणकावरील हिशेब यांचा प्रश्न मोठा होता. सुरतच्या व्यापाऱ्यांनी त्या महिन्यात बरेच दिवस दुकाने बंद ठेवली.

पुढे १ जानेवारी २०२२ पासून हा दर १२ टक्के करण्याचे ठरले. देशभरातील व्यापारी संघटना व काही राज्यांच्या विरोधानंतर ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, वस्तू व सेवा कर परिषदेने ही वाढ पुढे ढकलली.

संघटित मताची ही शक्ती आहे आणि लोकशाहीत ती इष्टच आहे. परंतु त्याच बाजारात गाठी वाहणारा हमाल, तयार कपड्यांची शिलाई करणारी स्त्री, चांप्याचा कोसा विणणारा विणकर आणि सणासाठी एकच लुगडे घेणारी ग्राहक यांचे मत कोणत्या संघटनेने मांडायचे? बंद पुकारण्याइतके त्यांचे बळ नाही. एक दिवसाची मजुरी बुडवणेही त्यांना परवडत नाही. त्यांच्या मौनास संमती मानण्याची चूक धोरणकर्त्यांकडून होण्याचा धोका येथेच आहे.

विचारण्याची व्यवस्था

यावर काही उपाय आपल्या व्यवस्थेत आधीपासून आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विचारविनिमयाचा अधिकार दिला. छत्तीसगढने त्याचे नियम २०२२ मध्ये केले. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवावा, असे धोरण केंद्राने २०१४ मध्ये स्वीकारले. हे उपाय कागदावरून चावडीपर्यंत आणि बाजारापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. त्यासाठी मसुदा लोकांच्या भाषेत हवा. हलबी, गोंडी वा छत्तीसगढी बोलणाऱ्या नागरिकास तो समजावून सांगणारी यंत्रणा हवी, आणि आलेल्या सूचनांचे काय झाले याचे उत्तरही हवे.

बाजारात वस्तूची किंमत घासाघिशीने ठरते, कारण दोन्ही पक्षांना बोलता येते. धोरणाची किंमत ज्यांना मोजावी लागते, त्यांनाही बोलता आले पाहिजे, आणि तेही किंमत मोजण्यापूर्वी. संक्रमण टिकाऊ व्हावयाचे असेल, तर त्याच्या हिशेबात हा रकाना रिकामा ठेवून चालणार नाही.