जठारपेठेतली भाड्याची खोली

अकोल्यात विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा हंगाम दोनदा येतो. दहावीचा निकाल लागला की नीट आणि जेईईच्या शिकवणी वर्गांसाठी तेल्हारा, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, शिवाय वाशीम आणि बुलढाणा जिल्ह्यांतूनही मुले-मुली शहरात उतरतात. जठारपेठ, राऊतवाडी, जवाहरनगर या भागांतल्या सोयीच्या खोल्या तेव्हाच भरू लागतात. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले पदवीचे प्रवेश मात्र सीईटीनंतरच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात आणि त्या लांबत जातात. विद्यापीठाच्या आवारातल्या वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्न सुटतो. न मिळाल्यास, आधीच्या गर्दीने नाकारलेल्या खोल्यांतून निवड करण्याची वेळ येते.

या खोल्यांचे प्रकार ठरलेले आहेत. घरमालकाच्या वरच्या मजल्यावरची खोली, जिथे दोघे-तिघे मिळून ‘रूम करून’ राहतात. कॉटप्रमाणे भाडे घेणारे खासगी वसतिगृह. आणि खोलीबरोबर जेवण देणारे घर. मुलींच्या वसतिगृहांना मागणी जास्त, नियम कडक आणि भाडेही साधारणपणे चढे. पालक ते मुकाट्याने देतात. त्यांच्या लेखी ते सुरक्षिततेचे पैसे असतात.

भाड्याचा आकडा कमी दिसला म्हणून खोली स्वस्त ठरत नाही. पहिला फरक विजेचा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात: शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून मोठा, पुढे आणखी मोठा. संपूर्ण घर एकाच मीटरवर असले की चार खोल्यांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो आणि त्याचा भार सबमीटरमधून भाडेकरूवर येतो. हिवाळ्यात हे जाणवत नाही. अकोल्याचा पारा मेमध्ये पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. स्लॅबखालची गच्चीलगतची खोली रात्री उशिरापर्यंत धग सोडते आणि कूलरशिवाय तिथे पुस्तक उघडणेही कठीण होते. परीक्षा नेमक्या याच दिवसांत असतात. जुलैत पाहिलेली स्वस्त खोली एप्रिलमध्ये महाग पडते ती अशी.

दुसरा फरक पाण्याचा. शहराला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि टंचाईच्या वर्षी नळाला काही दिवसांआड पाणी सुटते. त्यामुळे खोली पाहताना टाकी केवढी आहे आणि ती किती जणांत वाटली जाते, हे विचारणे फरशीचा रंग पाहण्यापेक्षा महत्त्वाचे. तिसरा खर्च मेसचा. सुट्टीत गावी गेल्यावर डब्याचे पैसे वजा होतात की महिना पूर्ण धरला जातो, हे आधी ठरलेले बरे.

गावाकडच्या मुलांच्या राहण्याची सोय हा वऱ्हाडात जुना प्रश्न आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढून वसतिगृहांची परंपरा सुरू केली. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेलाही.

सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना चालते. स्वाधारमध्ये विभागाचे मुख्यालय असलेल्या अमरावतीसारख्या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये, तर इतर जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३,००० रुपये ठरवण्यात आले. या ४३,००० पैकी २५,००० जेवणाचे, १२,००० राहण्याचे आणि ६,००० इतर निर्वाहाचे. म्हणजे राहण्यासाठी महिन्याला हजार रुपये. एकट्याची खोली एवढ्यात बसत नाही. दोघा-तिघांनी वाटून घेतलेल्या खोलीचा हिशेब जमवता येतो. शिवाय पैसे खात्यावर हप्त्यांनी येतात आणि भाडे दर महिन्याला द्यावे लागते. मधले महिने घरच्यांनाच निभवावे लागतात.

अशा योजनांसाठी भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो आणि घोडे नेमके तिथेच अडते. बरेच व्यवहार तोंडी होतात, डिपॉझिटचीही पावती नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. करार अकरा महिन्यांचा असला तरी ही अट सुटत नाही. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.