चवदार तळे आणि मुलांची ओंजळ



इतिहास मुलांकडून नुसता घोकून घेऊ नका. तो वठवून घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. अंगणात घंगाळ भरून ठेवा. प्रत्येक मुलाला ओंजळीने पाणी पिऊ द्या. मात्र हिणवला जाणाऱ्याची भूमिका कोणावरही लादू नका. अपमान हा खेळ नव्हे.

नंतर न्यायालय भरवा. अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी वहिवाट आहे, असा वादींचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.

म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला, दीक्षेच्या दिवशीचे छायाचित्र जपा आणि मुलांच्या हाती द्या. पुरावा मागण्यास शिकलेले मूल रूढीपुढे मान तुकवीत नाही.

जय भीम!