एका बापाचा वारसा

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने मंदिरात झालेले भाषण)



देवाच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. कोणी हजार दिले, कोणी पदराची गाठ सोडून पाच रुपये दिले, कोणी नुसती घमेली उचलली. देवाच्या वहीत तिन्ही रकमा सारख्याच. अशा मंगल प्रसंगी एका बापाची हकिकत सांगणे उचित होईल. त्या बापाचे नाव गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तन करीत, त्यामुळे देवाचे नाव आणि सूर दोन्ही घरातच होते. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि मुलाच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. शाळेचे शिक्षण तिथेच थांबले. पण वडिलांनी पोराला 'निकामी' म्हणून कोपऱ्यात बसविले नाही. मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याचे गाण्याचे शिक्षण झाले. एक दार बंद झाले तर लेकरासाठी दुसरे उघडावे, हा बापाचा धर्म.

त्या काळी गाणे दरबारात आणि बैठकीत असे. घरंदाज माणसे मुलामुलींना गाणे शिकवीत नसत. पंडितजींनी हे बदलायचे ठरविले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. ते राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालले. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली. गाणे लिहून ठेवण्याची पद्धत त्यांनी बसविली, मुलांसाठी पुस्तके छापली. काँग्रेसच्या अधिवेशनात 'वंदे मातरम्' गाऊन त्यांनी सुरांना देशकार्यास लावले. आपल्या ओळखीच्या रामधुनीची चालही त्यांचीच मानली जाते.

बाहेर असा मान, पण घरात काय होते? त्यांना बारा मुले झाली आणि त्यांतील अकरा लहानपणीच गेली. घरातील माउलीने काय सोसले असेल ते येथे बसलेल्या मातांना सांगावयास नको. वाचला तो एकच, २८ मे १९२१ रोजी जन्मलेला दत्तात्रेय.

त्याच सुमारास संस्थेवरही संकट आले. मुंबईची इमारत कर्ज काढून बांधली होती. व्याज कोणासाठी थांबत नाही, सत्कार्यासाठीही नाही. १९२४ च्या सुमारास मालमत्ता कर्जापायी गेली. पंडितजी रामनामाकडे वळले आणि नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात राहू लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला. मुलगा तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता.

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. कोणी म्हणेल, आधी प्रपंच, मग परमार्थ. जन्मभर मिळविले ते कार्यात घातले, मग पोराला काय ठेवले? हा प्रश्न खोटा नाही. आपल्या घरांतूनही तो विचारला जातो. बाप भजनाला गेला की आई म्हणते, पोराच्या फीचे काय?

पण पुढे काय झाले ते पाहावे. पंडितजींचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी गुरूच्या मुलाला पुढची विद्या दिली. ज्याने शेकडो परक्या मुलांना शिकविले, त्याच्या मुलाला शिकविणारे हात मिळाले. चौदाव्या वर्षी हा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गाऊ लागला. पुढे डी. व्ही. पलुस्कर यांची भजने घरोघर ऐकली गेली. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात ते उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर गायले. ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले. इमारत गेली, बाप गेला, मुलगाही गेला. राहिले ते गाणे, आणि ते शिकविण्याची रीत. ती आजही चालू आहे.

या हकिकतीतून घेण्यासारख्या गोष्टी तीन.

पहिली, देवाचे काम कर्जावर उभे करू नये. आलेला पैसा आणि झालेला खर्च फलकावर लावावा, आणि गवंड्या-सुताराची मजुरी पहिल्यांदा चुकती करावी.

दुसरी, गावासाठी झिजणाऱ्याचे घर गावाने पाहावे. पहाटे दिवा लावणारा गुरव, मृदंग वाजविणारा बुवा, वीणा धरणारा म्हातारा यांना सप्ताहात नारळ देऊन आपण मोकळे होतो. त्यांच्या पोराची वह्या-पुस्तके आली का, हे कोण विचारतो? पंडितजींच्या शिष्यांनी गुरूला नुसता हार घातला नाही, त्याचे लेकरू शिकविले. खरी गुरुदक्षिणा ती.

तिसरी, नव्या मंडपात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलामुलींची असावी. जात, पैसा, मुलगा-मुलगी असा भेद न करता त्यांना टाळ धरावयास आणि अभंग म्हणावयास शिकवावे. ज्याला दिसत नाही, ज्याला चालता येत नाही, त्याला सर्वांत पुढे बसवावे. फटाक्याने डोळे गेलेला कुरुंदवाडचा मुलगा केवढा झाला, हे ध्यानात असू द्यावे.

आईबापांनी पोराला शेत द्यावे, घर द्यावे, पण त्याबरोबर एक अभंगही द्यावा. शेताची वाटणी झाली की ते लहान होते. अभंग दहा जणांत वाटला तरी कमी होत नाही. संगमरवर आज चकाकतो, उद्या त्यावर धूळ बसेल. ती झाडावयास पोर आले आणि झाडता झाडता गुणगुणले, तर देणगीदारांचा पैसा सत्कारणी लागला असे समजावे.

रामकृष्ण हरी.